तेरा नंबरची हवा

२ एप्रिल

फिल्टर उलटा! अख्खा मार्च महिना उलटा!

पॅसेजच्या छतात ती मोठी जाळी आहे ना, घरभरची हवा तिथून वर ओढली जाते, जाळीमागच्या फिल्टरमधून गाळून एसीच्या यंत्रात जाते आणि थंड होऊन खोल्याखोल्यांत परत येते. फिल्टरच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर एक बाण छापलेला असतो. बाण यंत्राकडे करायचा. एवढंच शहाणपण लागतं, आणि तेवढंही माझ्याकडे नव्हतं. आज काढताना बघते तर बाण खाली, जमिनीकडे. बोटीवर कुणी असलं काम केलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे नदीत ढकललं असतं.

आणि बसवला त्या दिवशी काय बरं वाटलं होतं मला! आईला हॉस्पिटलातून आणल्याला आठवडाच झाला होता. ती खाली शिडी धरून उभी होती, मी वर. जाळी खट्कन लागली आणि वाटलं – चला, निदान एक गोष्ट तरी आपल्या हातात आहे. हातात काय, डोंबल.

आता सुलटा केला. आईला सांगितलं नाही. सांगितलं तर हसेल, आणि हसली की तिला खोकला येतो.

५ एप्रिल

दादाचा फोन. समुद्रापलीकडून, खुर्चीत बसून, हातात कॉफी. उंटावरून शेळ्या हाकायला दादासारखा माणूस नाही.

"चिऊ, आपला फिल्टर कितीचा आहे?"

"कितीचा म्हणजे?"

"नंबर असतो गं त्याला. जितका मोठा नंबर तितकी बारीक धूळ धरतो. बघून ये."

शिडी आणली, चढले, बघितलं. आठ. त्याला सांगितलं तर असा श्वास सोडला की जणू मी आईला उकिरड्यावर झोपवलंय. "आठाने नुसते केस आणि सतरंजीचे तंतू अडतात. आईच्या फुप्फुसांना तेराचा पाहिजे. तेराच्या खाली नको. आणि धुळीचे दिवस आहेत, खिडक्या बंद ठेव."

बरं म्हटलं. मला चिऊ म्हणतो! बेचाळीस वर्षांची मी, दीडशे माणसं नदीपार नेते, आणि चिऊ.

संध्याकाळी मुकादमांचा फोन. आमच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "ताई, नवी बोट पंधरा मेला पाण्यात उतरतेय. सुकाणू तुमचंच धरून ठेवलंय. पण पंधराला उभ्या राहाल तर. नाहीतर धाकट्याला देतो." धाकटा म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेला. चांगला आहे पोरगा, पण वारा आडवा लागला की त्याचं तोंड पांढरं पडतं.

बघते म्हटलं. काय बघते? धक्का इथून बसने पाच तास. आईला टाकून कशी जाऊ?

८ एप्रिल

तेराचा आणला. काय त्याच्या घड्या! इतक्या दाट की बोटाचं नख जात नाही मध्ये. बाण यंत्राकडे, दोनदा बघितला, तिसऱ्यांदा खाली उतरून परत चढून बघितला.

खिडक्यांनाही टेप लावून टाकली. रुंद, पारदर्शक, चारही बाजूंनी. नुसत्या बंद खिडकीच्या फटीतून काय काय येतं! बोटीची झडप बंद म्हणजे बंद, अर्धवट काम मला जमत नाही. आई पलंगावर बसून बघत होती. "माशा जातील कुठून बाहेर?" म्हणाली. मी म्हटलं, येतीलच कुठून आत?



११ एप्रिल

घर शीळ घालतंय. खरंच. एसी सुरू झाला की पॅसेजमधली जाळी बारीक शीळ घालायला लागते, बंद झाला की गप्प.

आई म्हणाली, "कुणाला बोलावतंय गं हे घर?"

मी हसले नाही. चार भिंती, एक जाळी, आणि दिवसभर ती शीळ. बाहेर जायचं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, तेही आईने काहीतरी संपलंय म्हटलं तर. आणि तिचं रोज काहीतरी संपतं. आज म्हणे मीठ. परवाच आणलं होतं.

१४ एप्रिल

डॉक्टरांकडे नेलं आईला. छाती ऐकली, पाठ ऐकली, जोरात श्वास घ्या, सोडा. मग कानातल्या नळ्या काढून म्हणाले, "छान. साफ आहे छाती. पायऱ्या चढू दे, सकाळची मोकळी हवा घेऊ दे."

"आणि धूळ?" मी विचारलं.

"धूळ कुणाच्या घरात नसते? खिडकी उघडायला काय हरकत आहे!"

आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्या चपला सरळ करत होते.

डॉक्टरांचं काय जातं बोलायला? त्यांना ती दहा मिनिटं दिसते. ॲम्ब्युलन्समध्ये ते नव्हते. तिचे ओठ निळे होत चालले होते तेव्हा तिचा हात त्यांच्या हातात नव्हता, माझ्या होता, आणि मी ड्रायव्हरवर ओरडत होते की चालव, अरे चालव – मी, जिने आयुष्यात कधी कुणावर गाडी हळू चालवतो म्हणून आरडाओरडा केला नाही. ते ओठ मी बघितलेत. म्हणून सकाळी उठले की पहिल्यांदा तिच्या दाराशी जाऊन उभी राहते. पांघरूण वर येतं, खाली जातं, मग मी चहा ठेवते. आधी नाही.

खिडक्या बंदच राहतील.

१७ एप्रिल

नदी आठवली. नुसती.

२० एप्रिल

काय दिवस! बाहेर उन्हाने डांबर वितळतंय आणि आमच्या यंत्रात बर्फ!

सकाळपासून घर दमट. आईच्या खोलीतल्या एसीच्या झरोक्याखाली कागदाची पट्टी धरली तर ती मेल्यासारखी लोंबत राहिली, हवा नाहीच. दुपारी पॅसेजच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. खाली बादली ठेवली आणि एसीच्या मेकॅनिकला बोलावलं.

आला. माणूस कसला, रेडिओ. शिडी चढताना बोलतो, झाकण उघडताना बोलतो, स्क्रू तोंडात धरूनही बोलतो. माळ्यावर यंत्राचं पोट उघडलं तर आतल्या नळ्यांवर पांढरा शुभ्र बर्फ, हे एवढाले थर. "अहो ताई, आईस्क्रीमचा धंदा काढलाय का घरात?" आणि स्वतःच खो खो हसला. मग फिल्टर ओढून काढला, उजेडात धरला. "हा कुणी सांगितला घालायला?"

"माझ्या भावाने."

"कुठे असतात?"

"परदेशात."

"तरीच." मग त्याची गाडी जी सुटली! तुमच्या यंत्राला एवढी दाट चाळणी ओढवत नाही, हवा कमी पडली की नळ्या गोठतात, या एक इंची खाचेत आठवालाच घाला, दर महिन्याला बदला. आणि तेराच पाहिजे असेल तर जाड फिल्टरची मोठी पेटी बसवावी लागेल, मी बसवतो, आत्ता बसवतो, थोडं छत फोडावं लागेल एवढंच! मी म्हटलं, छत राहू दे. मग नवं यंत्र घ्या म्हणाला. ते पण राहू दे म्हटलं. मग थंड पाणी मागितलं.

राग त्याचा नाही आला, माझाच आला. नाकापेक्षा मोती जड! बोटीच्या इंजिनाच्या नाकाला फडकं बांधलं तर काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. वीस वर्षं इंजिनाच्या आवाजावरून सांगते की त्याचा जीव घुसमटतोय. ती शीळ इतके दिवस ऐकत होते. तरी कळलं नाही! आईचं काही असलं की माझं डोकं चालत नाही, हेच खरं.

२१ एप्रिल

दादाला सगळं सांगितलं. म्हणाला, "मेकॅनिक लोक काहीही सांगतात गं. तेरा म्हणजे तेरा. नवीन घातलास की फोटो पाठव."

मी काय केलं ते फक्त इथे लिहिते. आठाचा आणला. जुन्या तेराच्या चौकटीवरचं लेबल कात्रीने कापलं आणि आठाच्या चौकटीवर गोंदाने चिकटवलं. फोटो काढला, पाठवला. अंगठ्याचं चित्र आलं, शाब्बास म्हणून.

आधी हसू आलं, मग लाज वाटली. शाळेत मार्क खोडल्यासारखं.

२५ एप्रिल

घर थंड. शीळ बंद. आईने आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, गालावर रंग आहे, आंघोळीला गेली तेव्हा गुणगुणत होती. म्हणजे मी वाचवलं म्हणायचं तिला, आठाच्या फिल्टरने.

दादा व्हिडिओवर: "बघ, बघ आईचा चेहरा! ही तेराची कमाल. मी म्हटलं होतं ना?" आई म्हणाली, "हो बाळा, तूच म्हटलं होतंस." आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावल्यासारखं केलं. का? तिला कुठे काय माहीत?

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आता खरं सांगावं तर दादा छत फोडायला लावणार, न सांगावं तर खोट्यावर खोटं. मी या घरात नक्की काय आहे? लेक, नर्स, का जाळीची राखणदार? धक्क्यावर पहाटे धुकं उठत असेल आता. दोरखंड ओले असतील. कुणीतरी मला शिव्या घालत वाट बघत असेल. इथे कुणी शिव्यासुद्धा घालत नाही.

२८ एप्रिल

आईने पुन्हा मीठ आणायला पाठवलं. मी म्हटलं, घरात आहे. म्हणाली, जाडं आण, हे बारीक आहे. आणलं. परत आले तर तिच्या खोलीची फरशी ओली. "पाणी सांडलं गं माझ्या हातून." एवढं सांडलं की खोली पुसून काढावी लागली? आणि पुसली कशाला वाकून? वाकायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलंय! पालथ्या घड्यावर पाणी.

२ मे

महिना भरला नव्हता तरी फिल्टर काढून बघितला – एकदा फसल्यावर आता भरवसा वाटत नाही. आणि हे काय!

घड्यांवर राखाडी धूळ, ते ठीक. पण मध्ये मध्ये पांढरी पिसं. पिसं नव्हेत – म्हातारी. मागच्या अंगणातलं ते उंच झाड या दिवसांत बोंडं फोडतं आणि कापसासारखं मऊ काहीतरी वाऱ्यावर सोडतं, ते. लहानपणी आम्ही ते फुंकर मारून उडवायचो. तेच, पुंजकेच्या पुंजके, आमच्या फिल्टरवर!

सगळ्या खिडक्यांना टेप आहे. दार मी जाता-येता उघडते तेवढंच, आणि ते पुढच्या बाजूला. मग मागच्या झाडाचा कापूस आत आला कसा?

दुपारभर माळ्यावर होते. हवा नेणाऱ्या डक्टच्या एकेका जोडावर कागदाची पट्टी धरून बघितली, कुठे हलते का. घामाने आंधळी झाले. एक पट्टी हलेल तर शपथ. फट नाही, भोक नाही. आई खालून ओरडत होती, "अगं उतर, पडशील, काय शोधतेयस?" मी म्हटलं, तुझ्या जिवावर कुठून उठलेत ते शोधतेय.

ती म्हणाली, "सापडलं की सांग हं मला पण."

३ मे

असणार ते माझ्याच कपड्यांवरून! दुसरं काय? मी बाहेर जाते, केसांत, पदरात घेऊन येते. आजपासून दाराशीच कपडे बदलायचे, डोक्याला फडकं बांधायचं, बाहेरच्या चपला पिशवीत.

आई बघून म्हणाली, "बये, नाटक कंपनीत आहेस का? पुढचा प्रवेश कोणता?"

तिला सगळ्याची थट्टा सुचते. मरणाच्या दारातून आलेलं माणूस इतकं निवांत कसं असतं?

५ मे

मुकादमांचा फोन. "धाकटा रोज विचारतो, ताई. मी काय सांगू त्याला?"

मी सांगून टाकलं. नाही जमणार म्हटलं. आईला माझ्याशिवाय कोण आहे?  त्यांच्या मागे बोटीचा भोंगा वाजला – जुन्या बोटीचा, जरा घोगरा, मी लाखांत ओळखीन. मग म्हणाले, "पंधरा म्हणजे पंधरा. चौदाच्या संध्याकाळपर्यंत मी नाही ऐकलं असं समजतो."

फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. पुरतं, हुंदके देऊन. बाहेर आले तर आई दाराशी उभी. "काय गं झालं?" साबण गेला डोळ्यांत, म्हटलं.

मग रागारागाने जाळी उघडली. तीन दिवसांपूर्वी झटकून लावलेला फिल्टर, त्यावर पुन्हा कापूस! आणि या वेळी पुंजक्यात एक अख्खं बी, शेपटीसकट. दोन दिवस दाराशी कपडे बदलतेय मी. एवढं मोठं बी पदराला चिकटून येत नाही. ते वाऱ्यावर येतं.

७ मे

सापडलं!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळा माळा पालथा घातला आणि आईच्या खोलीतली खिडकी नीट बघितली नाही. आज ती आंघोळीला गेली तेव्हा सहज हात फिरवला. बाकी खिडक्यांची टेप चकचकीत आहे. हिची एका बाजूची मळकट, चिकटाच्या आत कापूस अडकलेला, कितीतरी वेळा काढून लावल्यासारखी. आणि खालचं टोक – दुमडलेलं! छोटीशी घडी, पुढच्या वेळी नखाने शोधायला नको म्हणून.

टेपचं टोक असं दुमडून ठेवणारी एकच व्यक्ती मला जगात माहीत आहे. स्वयंपाकघराच्या खणातल्या सगळ्या टेपांची टोकं तिने अशीच दुमडलेली असतात.

मीठ! आता कळतंय मीठ का संपत होतं, आणि आत आलेला कापूस पुसून फरशी का ओली होत होती.

८ मे

"काही आणायचंय का?" विचारलं. "साखर," म्हणाली, लगेच. निघाले. दुकानात गेले, साखर घेतली आणि पुढच्या रस्त्याने न येता मागच्या गल्लीने आले. कचऱ्याच्या डब्याआड उभी राहिले. स्वतःच्या आईवर पाळत! मला हसावं की रडावं कळेना.

खिडकी सताड उघडी. आई कोपरं टेकून अर्धी बाहेर. हातात मटारचं भांडं, शेंगा सोलतेय, टरफलं खाली टाकतेय आणि समोरच्या माडीवरच्या शिंपीणबाईशी गप्पा मारतेय. बाही कशी लावायची यावर वाद चालला होता. "अगं चुणी मागे घे, मागे! पुढे घेतलीस तर हात वर करता येणार नाही बिचारीला!" एवढ्या मोठ्यांदा की मला गल्लीत ऐकू येत होतं. मग शिंपीणबाई काहीतरी म्हणाली आणि आई हसली. जुनं हसणं, पोटातून. मी थांबले, आता खोकला येईल. आला नाही. परत हसली. तरी आला नाही. तिच्या केसांत त्या झाडाचा कापूस होता, आणि तिला पर्वा नव्हती.

मी साखर घेऊन तशीच उभी. मग गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराने, मुद्दाम किल्ली वाजवत आत आले. दाराशी कपडे बदलले. तिच्या खोलीत गेले तर आई पलंगावर, पांघरूण गळ्यापर्यंत. फरशी ओली.

"मिळाली का गं साखर?"

९ मे

बोलत नाही मी तिच्याशी. भाजीत मीठ जास्त पडलं. आईने मुकाट्याने खाल्लं आणि म्हणाली, "असू दे, आहेच ना घरात भरपूर."

११ मे

आज मनातलं सगळं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

ती बरी आहे. ठणठणीत! खिडकीत लोंबकळून गावाला बाह्या शिकवते. आणि मी? मी बोट सोडली, नदी सोडली, हात सोडले. मी सुकाणू धरणारे हात म्हणतेय, ते आता चाळणीवरची धूळ झटकतात. आणि तिने एकदा, एकदाही म्हटलं नाही की पोरी, मी बरी आहे, तू जा. का? कारण मी गेले तर तिला चहा कोण देणार? म्हणून मांजर डोळे मिटून दूध पितंय. म्हणून पांघरूण गळ्यापर्यंत. मला या घरात कोंडून ठेवलंय तिने, माझ्याच टेपने! आई असली म्हणून काय झालं. राग येतो, येतो, येतो.

दुपारी दादाचा फोन आला तर त्याच्यावर सगळं ओतलं. आठाचा फिल्टर, कापलेलं लेबल, सगळं. म्हटलं, तुझं तेरा नाहीये यंत्रात, कधीपासून नाहीये!  तो म्हणाला, "मग आई बरी कशी झाली?"

"झाली! आपली आपण झाली. आणि खिडकी उघडून बसते. मी टेप लावलेली खिडकी!"

"टेप?" दादा म्हणाला. "कसली टेप?"

"तू म्हणालास ना बंद ठेव."

"बंद ठेव म्हटलं, चिऊ. धूळ उडते तेव्हा बंद ठेव. टेप मी कुठे म्हटलं होतं? आणि ते पण एप्रिलपुरतं. तू अजून..." मग थांबला. जरा वेगळ्याच आवाजात म्हणाला, "तू झोपतेस ना गं नीट?"

मी फोन ठेवून दिला. माझ्या झोपेचा काय संबंध?

१२ मे

डॉक्टर म्हणाले उघडा. मेकॅनिक म्हणाला आठ पुरे. दादा म्हणतो टेप सांगितलीच नव्हती. मग कुणी सांगितली होती?

१३ मे

काही नाही. फिल्टर झटकला. परत लावला. परत काढून बघितला.

१४ मे

सकाळी नेहमीसारखी आईच्या दाराशी उभी राहिले. पांघरूण वर आलं, खाली गेलं. वर, खाली. आणि आज पहिल्यांदा डोक्यात आलं – झोपलेलं माणूस एवढा मोठा श्वास घेत नाही.

आई डोळे मिटूनच म्हणाली, "दिसला का? रोज मोठा घेते, तुला दारातून दिसावा म्हणून." मग डोळे उघडले. "तुझी भीती जाईपर्यंत आत बसायचं ठरवलंय मी. पण मला आता कंटाळा आलाय गं, बये."

टेप मीच ओढून काढली, सगळ्या खिडक्यांची. मुकादमांना फोन केला. दुपारची बस आहे. फिल्टर यापुढे आई बदलणार, शिडी शिंपीणबाई धरणार. बाण कुठे, म्हणून विचारलं तर म्हणाली, "यंत्राकडे. मार्चमध्ये तू उलटा लावलास तेव्हाच दिसलं होतं मला, शिडी मीच धरली होती ना. पण तू खाली उतरलीस आणि कितीतरी दिवसांनी तुझा चेहरा जरा सैल झाला होता. म्हटलं, राहू दे उलटा."